सुनेच्या उमेदवारीचं ऊन

काळा कोट उन्हात टाकू नये, रंग उडतो, हे मी सुनेला किती वर्षं सांगतोय. ऐकत नाही. पाऊस सरला आणि ऑक्टोबरचं पहिलं कडक ऊन पडलं, की ती कोट उलटा करून गॅलरीतल्या दोरीवर टाकते. पावसाळाभर धरलेला दमट वास जावा म्हणून. आज सकाळीही टाकला. खाडीवरून वारा आला, कोटाच्या बाह्या हलल्या, आणि इकडे खुर्चीत माझे पाय हलायला लागले.

दरवर्षी असंच होतं. उठतो, गॅलरीत जातो, आत येतो, पाणी पितो, परत गॅलरीत. डॉक्टर म्हणतो, वयाचं आहे. वय तर बाराही महिने असतं, हे फक्त या उन्हात का होतं, ते त्याला सांगता येत नाही. मला येतं. पावसाचं गढूळ पाणी खाली बसायला लागलं की खाडी हिरवट व्हायची. तिवरांच्या मुळात चिखल तापायचा. ओहोटीला त्या चिखलावर निवट्या, चिखलातले बोटभर मासे, उड्या मारायच्या आणि एक उग्र वास उठायचा, बाहेरच्या माणसाला नाक धरावंसं वाटेल असा. आम्हाला त्या वासानं भूक लागायची. आता तो वास येत नाही, कारखान्यांच्या पाण्याचा येतो. पण नाकसुद्धा माझंच, हट्टी. अजून तोच शोधत बसतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला. चौथीच्या परीक्षेच्या दिवशी उधाण होतं, बापानं शाळेऐवजी होडीवर नेलं, तिथे माझी शाळा संपली. अक्षर माझं वाकडं आहे, पण माझं आहे. कुणाकडून लिहून घेतलेलं मला चालत नाही.

गोष्ट नव्वद सालच्या आगेमागेची. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठी आमची कौलारू घरं होती, दारासमोर होड्या. थोरल्या रमेशचं लग्न ठरलं ते खडवलीच्या मुलीशी. वनिता नाव. नदीकाठची, गोड्या पाण्याची मुलगी. ठाण्याला वकिलीच्या कॉलेजात शिकत होती. सुपारी फुटायच्या वेळी तिचा बाप हात जोडून म्हणाला, "पोरीचं शिक्षण पुरं होऊ द्याल ना?" मी उत्तर देणार, तेवढ्यात आमच्याच बाजूचा एक जण हसला. "कोळ्याच्या घरात वकील? टोपली घेऊन बसताना कोट घालनार का काय ती?"

झालं. माझं डोकं फिरलं. "घालंल!" मी म्हणालो. "कोट घालंल आन तुझ्यासमोर घालंल. शब्द हाय माझा."

लोक म्हणतात, दामाकाका सुधारलेल्या विचारांचे. कसले विचार! मला चिडवलं म्हणून मी शब्द दिला. पण दिला तो दिला.

गोड्या पाण्याच्या मुलीला खाऱ्या पाण्याचे रिवाज ठाऊक नव्हते. लग्नानंतर एका सकाळी मी जाळं खांद्यावर टाकून निघालो, तर ही दारात उभी राहून कौतुकानं विचारते, "मामंजी, कुठे चाललात?" माझे पाय जागच्या जागी थांबले. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. विचारलं की माघारी यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग पुन्हा निघायचं. मी आत आलो, जाळं ठेवलं, आणि रागानं इतका वेळ बसून राहिलो की भरतीच निघून गेली. माझी बायको चांगुणा टोपली भरत होती. ती सुनेला म्हणाली, "अगो बाय, खाडीवर निघालेल्या मानसाला इचारू नये. त्याचं त्याला ठावं." वनितानं मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. एकदा सांगितलेलं त्या मुलीच्या डोक्यातून जात नसे, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गणपती गेले आणि तिची उमेदवारी सुरू झाली. कॉलेजचा नियम होता: त्या हंगामात, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, एका वकिलाकडे बसून काम शिकायचं. काम पुरं केलं असं वकिलानं कळवलं तरच परीक्षेला बसता येणार, नाहीतर वर्ष गेलं. कल्याणला कोर्टाजवळ एका माडीवर एका वकीलसाहेबांचं ऑफिस होतं, तिथे तिला जागा मिळाली. तारखा बघून ठेवायच्या, कागद लावायचे, आणि ज्यांना वकील करायची ऐपत नाही अशा माणसांचे अर्ज लिहून द्यायचे.

सकाळी दोघी एकदमच निघायच्या. चांगुणा डोक्यावर टोपली घेऊन बाजाराकडे, वनिता पांढरी साडी नेसून कल्याणच्या बसकडे. गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत. टोपलीतलं पाणी साडीवर उडू नये म्हणून वनिता अंतर ठेवून चालायची, आणि चांगुणा मुद्दाम जवळ जायची. "वास लागू दे गो थोडा. जज्जाला पन कळू दे कोनाची सून हाय." दोघींचं हसणं वळणापर्यंत ऐकू यायचं.

संध्याकाळी ओट्यावर पाय पसरून ती तिकडचं सांगायची. झाडाखाली ओळीनं बसलेले टाइपरायटरवाले, जिन्यावर भाकरी सोडून बसलेले पक्षकार, पुकारा झाला की घास टाकून धावणारी माणसं. आम्ही ऐकत बसायचो. "आज एक बाई आलेली. आंबिवलीकडची. नवऱ्यानं घराला कुलूप घातलेलं, पोरं बाहेर..." आणि मध्येच थांबायची.

"मग? पुढं काय झालं?" चांगुणा पुढे सरकायची.

"ते नाही सांगता येत, आई."

"मंग सुरू कनाला केलंस गो? आता मला झोप नाय येनार!"

शेपूट नसलेल्या गोष्टी होत्या त्या सगळ्या. नावं नाहीत, शेवट नाही. त्या बाईला घर मिळालं की नाही, हे चांगुणाला मरेपर्यंत कळलं नाही. बाजारात कुणी आंबिवलीची बाई भाव करायला आली, की ती उगीच दोन मासे जास्त टाकायची. न जाणो, तीच असेल.

त्याच सुमाराला मला हातभर जिताडा मिळाला. पावसानंतरचा पहिला. तो मी ओल्या गोणपाटात गुंडाळून वनिताच्या हातात दिला.

"मामंजी, ऑफिसात मासा?"

"ऑफिसात कनाला? त्यांच्या बायकोच्या हातात दे. तुला शिकवतात फुकट. आपुन काय कोनाचं फुकट घेत नाय."

संध्याकाळी निरोप आला. वकीलसाहेब म्हणाले, असा मासा कल्याणात जन्मात खाल्ला नाही. मी तो निरोप घेऊन बंदरावर गेलो. जाळी शिवत बसलेल्या सगळ्यांना ऐकवला. वकील किती मोठा, किती हुशार, कोर्टात उभा राहिला की समोरच्याला घाम कसा फुटतो, मी न पाहिलेलंही सांगितलं. माझा चुलतभाऊ जनू तिथे होता. खाली मान घालून ऐकत होता.

आता जनूचं आणि माझं सांगायला हवं. खाडीच्या वळणावर आमच्या आजानं जाळी बांधायला खांब रोवले होते. ओहोटीचं पाणी तिथून जोरात जातं, जाळं आपोआप भरतं. आजाच्या माघारी दोन्ही घरं आलटूनपालटून जाळं लावत होती. मग जनू म्हणायला लागला, खांब त्याच्या बापानं रोवले, जागा त्याची. मी म्हणालो, आजानं रोवले, जागा दोघांची. यावरून बोलणं बंद होतं. पण बोलणं बंद असूनही बंदरावर शेजारी बसायचो. उठून जाणार कोण? जो उठेल तो हरला.

कोजागरी झाली आणि ऊन असं काही तापलं की होडीच्या फळ्यांवर पाय ठेववत नव्हता. त्या उन्हात पोस्टमन आला. वनिता घरात होती. पाकिटाच्या कोपऱ्यावर छापलेलं नाव तिनं पाहिलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"वाच की."

"मी नाही वाचणार, मामंजी. ह्यांना वाचू दे."

रमेश मानपाड्याच्या कंपनीत, दुसऱ्या पाळीला. मी वाट बघणारा माणूस नाही. ओट्यावर बसून एक एक अक्षर लावत गेलो. वळणावरचे खांब, जनूची वहिवाट, मी तिथे जाळं लावू नये, लावलं तर कोर्ट. नोटीस होती. आणि खाली सही त्याच वकिलाची. माझा जिताडा खाऊन त्यानं मलाच नोटीस पाठवली होती! आणि जनूला त्याच्या दारात पोचवलं कुणी? मीच. माझ्याच तोंडच्या कौतुकानं. जनूनं त्याला खेकडे नेऊन दिले, ही बातमी चांगुणानं बाजारातून आणलेली. "बरा हाय तुझा वकील," ती म्हणाली. "दोनी बाजूचं खातो."

खरं म्हणजे त्याला ठाऊकच नव्हतं. आमच्या गावात निम्म्या दारांवर एकच आडनाव. वनितानंच जाऊन सांगितलं, की हे माझे सासरे. त्यानं ते कागद वेगळ्या कपाटात ठेवले आणि हिला म्हणाला, तू तुझं काम कर. पण हे सगळं मला पुढे कळलं, आणि तेही तिच्याकडून नाही.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं. विचारणं माझा हक्कच होता, आजही म्हणतो.

"काय म्हनतो जनू? काय दाखवलं त्यानं वकिलाला?"

"मामंजी, ते मला विचारू नका."

"माझ्या घरातली तू. माझ्या खांबांचा प्रश्न हाय."

"म्हणूनच विचारू नका."

"एवढं तरी सांग. तुला ठावं हाय, का नाय?"

'मला माहीत नाही' एवढं म्हणाली असती तरी माझं भागलं असतं. तेही म्हणाली नाही. खाडीकडे बघत म्हणाली, "तुम्ही होडी काढता तेव्हा मी विचारते का, कुठे?"

"ती गोष्ट निराळी."

"तुम्हीच शिकवलीत."

मी उठून गेलो. त्यानंतर घरात माझं अन्नावर मन लागेना. ताटावरून उठायचो. खाडीवर जायचो, भरती आलेली नसायची. परत यायचो, पुन्हा जायचो. चिखलाला उन्हानं भेगा पडायच्या, त्या भेगांत खेकडे शिरायचे, मी काठी घेऊन उगीच उकरत बसायचो. शिक्षण सोडायला लावावं असं मनात यायचं, आणि मनात आलं की सुपारीच्या वेळचं ते हसणं ऐकू यायचं. रमेश बायकोला म्हणाला, "सोड ना ते ऑफिस. दुसरीकडे बस." ती म्हणाली, "हंगाम संपत आला. आता सोडलं तर वर्ष जाईल. आणि मी काही चूक केली म्हणून सोडलं, असं होईल." तिचंही जेवण कमी झालेलं. एकाच घरात आम्ही दोन हट्टी माणसं, मध्ये चांगुणाचं तोंड. "एक सांगत नाय, एक जेवत नाय. मीच जाते कोर्टात, म्हनते दोघांना आत टाका."

दिवाळी तोंडावर आली. एका दुपारी वनिता वेळेआधी घरी आली. साडी बदलली आणि चांगुणाच्या शेजारी कोलंबी सोलायला बसली. ही गोड्या पाण्याची मुलगी कोलंबीला हात लावत नसे. कोलंबीच्या काट्यानं बोट फाडलं, तरी सोलत राहिली. चांगुणानं हळूहळू तिच्या तोंडून काढून घेतलं ते एवढंच, की जनूनं वकिलाला सांगितलंय, एक तर ही पोरगी इथे बसेल, नाहीतर माझे कागद इथे राहतील. संध्याकाळी सासऱ्याला सगळं सांगते म्हणतो. वकील तिला म्हणाला होता, माझा तुझ्यावर विश्वास आहे, पण पक्षकाराचा नसेल तर मी काय करू. म्हणजे जे तिनं केलं नाही, मी रागावलो तरी केलं नाही, त्याचाच आळ घेऊन तिला घालवत होते.

मला त्या क्षणी काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. राग जनूचा होता, वकिलाचा होता, आणि सगळ्यात जास्त तिचा, की अशी कशी ही मुलगी, हिनं मला सांगितलं असतं तर निदान आळ तरी खरा असता.

बंदरावर गेलो. भरती चढत होती. बायका घाटावर दिवाळीची भांडी घासत होत्या, माणसं सावलीत जाळी शिवत होती. जनू त्याच्या जागेवर. किती दिवसांनी त्याच्याशी बोललो.

"वकिलाला काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. दिवसभर माझ्या कागदावर बसते, संध्याकाळी तुझ्या ओट्यावर."

"तिनं मला काय एक सांगितलं नाय."

"हे तू सांगनार आन मी ऐकनार?"

"मंग कसं ऐकशील?"

जनूची जाळ्यातली सुई थांबली. "उचल खाडी."

आमच्याकडे कोर्ट यायच्या आधीपासून खाडी उचलतात. पाण्यात उभं राहायचं, ओंजळीत खाडी घ्यायची, बोलायचं, आणि पाणी परत सोडायचं. खोटं बोललास तर ती पुन्हा तुझ्या जाळ्यात काही घालणार नाही. मी माझ्या बापाला एकदाच उचलताना पाहिलेलं. सदरा काढला, कमरेच्या रुमालावर पाण्यात शिरलो. खाली चिखल गरम, वर पाणी गार. भांडी घासणाऱ्या बायका थांबल्या.

ओंजळ भरली. आणि तेव्हा मला कळलं, की खरं बोलायचं म्हणजे काय बोलावं लागणार आहे. नुसतं 'सांगितलं नाही' म्हणून चालत नाही, खाडीला सगळं द्यावं लागतं.

"मी सुनेला इचारलं," मी म्हणालो. "गोडीनं इचारलं, रागानं इचारलं. ताटावरून उठलो तरी तिनं सांगितलं नाय. माझ्या घरात, माझ्या सुनेनं, मला उत्तर दिलं नाय."

काठावरून कुणीतरी हसलं. आवाज मी ओळखला, सुपारीच्या वेळचाच. "म्हंजे घरात तुझं चालत नाय, दामा?"

बोटांतून पाणी गळत होतं. ते संपायच्या आत बोलायला हवं होतं. मी आयुष्यात कुणासमोर मान खाली घातलेली नाही. तेव्हाही घातली नाही. वर बघूनच म्हणालो, "नाय चालत. ऐकलंत ना सगल्यांनी? नाय चालत."

आणि पाणी सोडलं.

नंतर कुणी हसलं नाही. जनू सुई हातात धरून बसलेला. मी बाहेर आलो, त्याच्या अंगावर पाणी उडालं, तरी हलला नाही.

वनिता दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेली आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जात राहिली. उमेदवारी पुरी झाली, परीक्षेला बसली, पास झाली. जनू त्या सकाळीच पहिल्या बसनं कल्याणला गेला होता, वकिलाला म्हणाला होता, "माझा दावा दामाशी हाय, पोरीशी नाय. बसू द्या तिला." हे जनूनंच मला म्हातारपणी सांगितलं. वनितानं नाही. ऑफिसातली गोष्ट ना ती.

बंदरावर काय झालं ते तिला चांगुणाकडून कळलं असणार, सगळ्या बाजाराला कळलेलं. त्या संध्याकाळी चिखलानं भरलेला माझा रुमाल तिनं स्वतः धुतला, आणि दोरीवर तिच्या पांढऱ्या साडीशेजारी टाकला. रात्री मी ताटावर बसलो, पोटभर जेवलो. चांगुणा म्हणाली, "झाली का दोघांची दिवाली?"

दावा बरीच वर्षं चालला. तारखा पडत गेल्या, आणि इकडे खाडीत काळं पाणी उतरत गेलं. आधी जिताडा गेला, मग कोलंबी, मग निवट्या. वळणावरच्या खांबांना जाळं लावायला जनूही जाईना, मीही जाईना. एका पावसात ते वाहून गेले, कोर्टाला कळायच्या आत. मग आम्ही दोघं भांडण नसलेले म्हातारे बंदराच्या कट्ट्यावर बसायचो. उठून जायची घाई तेव्हाही कुणाला नव्हती. जनू गेला. चांगुणा गेली. होड्यांच्या जागी ही बिल्डिंग आली, आणि मला ही गॅलरी.

पण काय होतं त्याच्या कागदात? आजाचं नाव होतं, की त्याच्या बापाचं? कोण बरोबर होता? या उन्हात माझे पाय हलतात ते याच्यासाठी. जनूला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, पण त्याला विचारणं म्हणजे मला ठाऊक नाही असं कबूल करणं. ते मी करणार नव्हतो.

आज दुपारी तिनं कोट दोरीवरून काढला, झटकला, हातावर घेतला. केस पांढरे झालेत तिचे. पिशवी उचलून दाराशी गेली. चप्पल घातली. माझ्यानं राहवलं नाही.

"वनिता," मी म्हणालो, "आता जनू नाय, खांब नाय, तो वकीलपन नाय. आता तरी सांग. काय होतं त्या कागदात?"

ती दारात थांबली. वळली. हसू दाबत चप्पल काढली, आत आली, कोट मांडीवर घेऊन माझ्यासमोर खुर्चीत बसली.

"निघालेल्या माणसाला विचारलंत, मामंजी," ती म्हणाली. "आता बसणं आलं."

मी उठलो, माठातलं पाणी आणून दिलं. ती घोटभर प्यायली, भांडं माझ्या हातात दिलं, कोट अंगात चढवला आणि निघून गेली. सांगितलं नाही ते नाहीच.